पोरांसाठी हे विकत घेऊ नका

घरात लहान मूल आलं की लोकांचा हात सैल सुटतो. देहूरोडच्या बाजारात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून मी हे रोज बघते. किवळ्याच्या टॉवरमधली पोरगी येते. तिला सेंद्रिय गूळ हवा असतो, लाकडी खेळणी कुठे मिळतील ते विचारायचं असतं आणि जाता जाता, "काकू, केमिकल-फ्री अगरबत्ती ठेवता का?" विकासनगरची आजी येते, तिला नातवासाठी काजळाची डबी, पावडर आणि मच्छर अगरबत्ती लागते. एकीचं बिल हजाराचं, दुसरीचं शंभराच्या आत. धूर मात्र दोघींच्या घरी सारखाच. माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाईल, तरी सांगते: लेकराला विषापासून जपायचं असेल तर नवीन काही आणण्याआधी घरात जे जळतंय ते बंद करा.

केमिकल-फ्रीवाल्या पोरीला मी म्हटलं, "अगं, काडी पेटली की धूर तो धूरच. चंदनाचा काय नि शेणाचा काय, बाळाच्या छातीला फरक कळत नाही." ती हसली आणि पुढच्या दुकानात गेली. असो.

मच्छर कॉइलचं तर सगळ्यांना ठाऊक असायला हवं, कारण हे सांगणारे आपल्या पुण्याचेच. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे तेव्हाचे संचालक डॉ. संदीप साळवी कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडत होते की बंद खोलीत एक कॉइल जळली तर तिच्यातून निघणारे बारीक कण साधारण शंभर सिगारेटींच्या बरोबरीचे असतात. आता आपल्याकडची खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय दहा. डास येतात म्हणून खिडकी लावलेली, दाराच्या फटीत फडकं. बाळ खाली गादीवर, आणि कॉइल कोपऱ्यात, तीही खालीच, ताटलीत. बाप विडी ओढायला लागला तर हीच आई त्याला अंगणात घालवते.

कॉइलपेक्षा वाईट म्हणजे बांबूच्या काडीची स्वस्त मच्छर अगरबत्ती. घरगुती कीटकनाशकाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि पाकिटावर सी.आय.आर. नंबर छापलेला असावा लागतो. या काड्यांच्या बऱ्याच पाकिटांवर तो नसतोच. आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. फेरीवाला आला की मी पाकीट उलटं करून बघते आणि नंबर नसेल तर परत देते. तो म्हणतो, "शेजारी तर घेतात." घेऊ देत.

यावर कुणी म्हणेल, काकू, डेंगी झाला तर तुम्ही येणार का दवाखान्यात? बरोबर आहे. पावसाळ्यात आमच्याकडे डास काही थट्टेचा विषय नाही. पण त्याला मच्छरदाणी आहे, खिडकीला जाळी आहे, आणि आठवड्यातून एकदा पिंप, कुलर, कुंडीखालची ताटली कोरडी करणं आहे. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळ दुपारी झोपलं तरी मच्छरदाणी हवी. रात्रभर कॉइल जाळून त्या दुपारच्या डासाचं काय बिघडतं? फॉगिंगचं मशीन आलं की गल्लीतली पोरं त्या पांढऱ्या धुरात शिरून नाचतात आणि आया ओट्यावरून कौतुकाने बघतात. तो धूर म्हणजे बहुतेक वेळा डिझेलमध्ये कालवलेलं कीटकनाशक. उडणारा डास त्याने मरतो, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. मशीनचा आवाज आला की पोरांना घरात घ्या, दारं लावा.

डांबरगोळ्यांचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आपल्यात पहिल्या बाळाची झबली, टोपरी, दुपटी जपून ट्रंकेत ठेवतात, वर चार गोळ्या टाकतात. दुसरं बाळ झालं की तीच काढून थेट अंगात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला त्या वासाने रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि आपलं बाळ त्यातलं आहे की नाही ते तपासल्याशिवाय कळत नाही. आजीच्या मायेचे कपडे जरूर घाला, पण गोळ्यांशिवाय ठेवलेले, धुऊन कडक उन्हात वाळवलेले. ट्रंकेत कडुनिंबाचा सुका पाला चालतो, आणि तो आमच्याकडे फुकट पडलेला असतो.

शिशाचं प्रकरण वेगळं, कारण ते दिसत नाही आणि त्याला वासही नाही. मुलाच्या मेंदूला शिसं किती चालतं याला जागतिक आरोग्य संघटनेचं उत्तर एकच आहे: सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफने २०२० साली सांगितलं की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ते काळजी करण्याइतकं आहे. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांमध्ये ते सापडतं. म्हणून डोळ्यात काही घालू नका, तीट लावायचीच तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही उतरते. सुटी हळद घेताना गिऱ्हाईक सगळ्यात पिवळीधमक निवडतं. त्या रंगासाठी कुठेकुठे लेड क्रोमेट चोळतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा आणि गुवाहाटीच्या काही नमुन्यांत भरपूर शिसं निघालं. आपल्याकडे सांगलीची हळकुंडं मिळतात, ती आणून दळून घ्यावीत. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या हळदीत शिसं होतं. सरकारने छापे घातले, दंड केले, आणि २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. एकट्या आईने जपून हे झालं नसतं.

आमच्या भागातले कितीतरी बाप तळवडे, भोसरी, चाकणला वेल्डिंगवर, पेंटशॉपला, बॅटरीच्या कामावर जातात; तिथली शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येऊ शकते. दारात पाऊल ठेवलं की पोरगं पायाला मिठी मारतं. कामाचे कपडे बाहेर काढून, हातपाय धुऊन मग उचला. मिठीला पाच मिनिटं उशीर झाला तर ते पोर रागावत नाही. ते कपडेही बाळाच्या दुपट्यांसोबत धुऊ नका.

दिवाळीत मी नागगोळी ठेवत नाही. २०१६ साली चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या मुलांनी फटाक्यांचा धूर मोजला. सगळ्यात जास्त कण निघाले ते या आवाज न करणाऱ्या, 'लहान मुलांच्या' गोळीतून: हवेच्या घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४६४ सिगारेटी. ती जळते जेमतेम नऊ सेकंद, आणि पोरगं त्यावर वाकून साप किती वाढला ते बघत असतं. पालकांना भीती सुतळी बॉम्बची वाटते.

केकवरची ठिणग्या उडवणारी मेणबत्तीही मी बंद केली, पण धुरामुळे नाही. ८ डिसेंबर २०२३ ला इथून जवळच तळवड्यात त्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. सहा जण त्याच दिवशी गेले, आणखी कित्येक नंतर उपचार घेताना. बहुतेक बायका होत्या, पोटासाठी कामाला आलेल्या. त्यांनाही घरी मुलं असणारच. माझ्या पोराचा वाढदिवस निर्धोक व्हावा एवढ्यावर हा विषय संपत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. आमच्या गावात दारूगोळ्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, बारूद म्हणजे काय ते इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्याच गावाशेजारी अशी वस्तू केकच्या नावाखाली बनत होती.

आता राहिला घराबाहेरचा धूर, जो कुणाच्याच पिशवीतून येत नाही. आमचं भाग्य की लष्कराच्या हद्दीमुळे इथे झाडं टिकली. पण माघ-फाल्गुनात पानगळ झाली की पाल्याचे ढीग पेटतात, त्यात प्लास्टिकही जातं, आणि शाळेत जाणारी पोरं तोंडाला रुमाल लावून त्यातून जातात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार दंड ठरवलाय. आज इथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, महापालिकेत जाण्याची चर्चा सुरू आहे. पाटी कुठलीही लागो, येत्या पानगळीआधी प्रत्येक वॉर्डात पाल्यासाठी एक खड्डा खणून द्या. त्यानंतरही कुणी पेटवलं तर पावती काम देणाऱ्याच्या नावाने फाडा, झाडूवाल्या बाईच्या नाही.