आगगाडीचे सहा सेल
लेगोची मोटारवाली आगगाडी मुलांना जरूर घेऊन द्या, पण तिच्या सेलचा विचार त्याच दिवशी करा. तिच्या ‘पॉवर्ड अप’ हबमध्ये ६ बारीक ‘ट्रिपल ए’ सेल बसतात. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, म्हणजे सहांचे मिळून ९. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड १.२ चा, म्हणजे ७.२. त्यामुळे रिचार्जेबलवर जास्त डबे जोडले की वळणावर गाडी थोडी रेंगाळते, एवढंच. मुलांचं त्याने काही अडत नाही आणि तेच सेल शेकडो वेळा भरता येतात. सहाही एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे, एकदमच घ्या. जुन्यात नवा मिसळू नका. त्यातला कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे पाच त्याला उलट्या दिशेने भारू लागतात आणि तो कायमचा जातो. काटकसर करायची तर चार्जरवर मुळीच करू नका. प्रत्येक सेल वेगळा तपासून भरला की थांबणारा चार्जर हवा. नुसत्या वेळेवर चालणारे स्वस्त चार्जर सेलला चटका बसेल इतके तापवू शकतात. मला तर ते मुलांच्या खोलीत नकोच वाटतात. सुट्टी संपून गाडी माळ्यावर जाणार असेल, तर सेल आधी बाहेर काढा.