न बघता दिलेली गोळी

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्या वाचक डॉक्टरांना गेल्या महिन्यात वरिष्ठ कार्यालयाकडून खुलासा मागणारे पत्र आले. आरटीआय-एसटीआय उपचारांचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा इतका का घसरला, आणि किट क्रमांक दोनचा साठा पडून का राहतो, असे दोन प्रश्न त्यात आहेत. कारण साधे आहे. खाज आणि आग घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णेला या मॅडमनी टेबलावर घेऊन तपासायला सुरुवात केली. तपासल्यावर बऱ्याच जणींना त्या किटची गरज नाही असे दिसले, म्हणून त्यांनी ते दिले नाही. खुलाशात हे असेच लिहू का, असे त्यांनी आम्हाला विचारले आहे. जरूर लिहा, आणि हे संपादकीय सोबत जोडा.

पत्राबरोबर त्यांनी एका रुग्णेच्या कागदांची चळत पाठवली आहे, नाव-गाव खोडून. वय चाळिशीच्या आतले, तक्रार दोन वर्षांपासूनची: ‘खालच्या जागी मिरचीचा हात लागल्यासारखे होते’. कागदांवर फ्लुकोनाझोल १५० आहे, क्लोट्रिमाझोलच्या पेसरी आहेत, मेट्रोनिडाझोल आहे, तीन गोळ्यांचा कॉम्बिकिट आहे, व्हजायनल वॉश आहे, क्लोबेटासोल-निओमायसिन-मायकोनाझोलची ट्यूब आहे आणि पुन्हा फ्लुकोनाझोल आहे. शेवटच्या कागदावर ‘पिशवी काढण्याचा सल्ला दिला’ अशी एक ओळ आहे. एवढ्या कागदांत स्थानिक तपासणीचा एक शब्द नाही. मॅडमनी पहिल्यांदा दिवा लावून पाहिले तेव्हा स्राव नॉर्मल होता, पीएच ४, केओएच निगेटिव्ह, कातडी ठीक. ओलसर केलेली कापसाची काडी व्हेस्टिब्यूलला पाचच्या आणि सातच्या काट्याजवळ टेकवली, तशी रुग्णा कळवळून उठून बसली. निदान झाले. पण मासिक अहवालात या बाईला कुठे लिहायचे, हा मॅडमचा आम्हाला दुसरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आमच्याकडे नाही, कारण अहवालाच्या नमुन्यात ते नाही. नवे आरटीआय-एसटीआय रुग्ण किती आणि किती जणांवर उपचार सुरू केले, हे तो विचारतो. जंतुसंसर्ग नव्हता असे तपासून ठरवलेल्या बाईला त्यात जागा नाही. तिची खाज थांबली का, हेही कोणी विचारत नाही. मग महिन्याच्या शेवटी आकडा भरायचा असलेला माणूस काय करील? कपाटातले हिरवे पाकीट देईल. दोन सेक्निडाझोल, एक फ्लुकोनाझोल, नोंदवहीत सही, काम संपले. बाई महिन्याभराने परत आली तर तीच पुन्हा ‘नवी रुग्ण’.

नॅकोची मार्गदर्शक पुस्तिका असे सांगत नाही. योनिस्रावाच्या तक्त्यात स्पेक्युलमने तपासा असे स्पष्ट लिहिले आहे. सोय असेल तिथे वेट माउंट आणि दहा टक्के केओएचही करायचे आहे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी कोणी उपचाराविना राहू नये म्हणून सिंड्रोमनुसार उपचार आले, आणि त्या काळात ते योग्यच होते. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाच्या स्लाइड्स पाहायला सूक्ष्मदर्शक आहे, तंत्रज्ञ आहे. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली सलाइनचा एक थेंब आणि केओएचचा एक थेंब पाहायला किती वेळ लागतो? पण केओएचची बाटली मागणीपत्रात नसते, पीएच पट्टी नसते, तपासणीच्या खोलीला पडदा नसतो, आणि किट मात्र न मागता येतात. साठा पडून का राहिला असे विचारणाऱ्या कार्यालयाने केओएच का मागितले नाही, असा खुलासा कधी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

खासगी प्रॅक्टिसमधल्या मित्रांनी यावर मान डोलावून पान उलटू नये. तुमच्याकडे आकड्यांची सक्ती नाही, वरिष्ठ नाही, तरीही चिठ्ठ्या त्याच आहेत. ‘पाणी जाते का? वास येतो का? खाज आहे ना?’ एवढे तीन प्रश्न विचारून टेबलाच्या अलीकडे बसूनच उपचार होतो. अमेरिकेत स्वतःच यीस्टचे निदान करून दुकानातून औषध घेणाऱ्या बायकांची तपासणी केली, तेव्हा जेमतेम तिघींत एकीला खरोखर तो संसर्ग निघाला. न तपासता लिहिलेली आपली चिठ्ठी त्या अंदाजापेक्षा सरस आहे असे समजायला काही आधार नाही.

पुरुष डॉक्टर म्हणतात, खेड्यातल्या बायका तपासू देत नाहीत. सिस्टरना खोलीत उभे करा, दार लावा, काय आणि कशासाठी पाहणार आहात ते आधी सांगा, आणि मग विचारा. ‘नाही’ म्हणायचा तिला पूर्ण अधिकार आहे. ती नाही म्हणाली तर जवळच्या महिला डॉक्टरकडे पाठवा. पण विचारायचे टाळून गोळी देणे हा रुग्णेच्या लाजेचा मान नव्हे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. ज्यांची कधी तपासणी झाली नव्हती त्याच खेड्यातल्या बाया तिथे तपासणीला आल्या. इतकी वर्षे उलटून गेल्यावर तरी बायका तयार नसतात हे कारण पुढे करू नये.

न तपासता दिलेल्या गोळीने बाईचे काय होते? किटबरोबर ‘नवऱ्यालाही घेऊन या’ असे सांगितले जाते. लैंगिक संसर्ग खरोखर असेल तर ते आवश्यकच आहे. पण ज्या बाईला संसर्ग नाही, तिच्या घरात त्या एका वाक्याने काय होते हे आमच्या आरोग्यसेविकांना विचारा. आजार कुठून आणलास, हा प्रश्न घरी तिलाच विचारला जातो. एका वाचकांनी कळवले आहे की त्यांच्या रुग्णेला सासरच्यांनी माहेरी पाठवले, आणि पुढे निदान निघाले कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, तेही रोज वापरायच्या वॉशमुळे झालेले. न तपासता एखाद्या संसारात असा संशय पेरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरे वाक्य ‘स्वच्छता ठेवा’. हे ऐकून बाई घरी जाते आणि डेटॉलच्या पाण्याने दिवसातून तीनदा धुते. आग वाढते, मग आणखी धुते. आधीच सोलवटलेल्या कातडीवर साबण, वॉश, पावडर, निओमायसिन असलेली ट्यूब, पुन्हा साबण. ती अस्वच्छ आहे म्हणून तिला खाजते, असे आपण तिला न बोलता सांगितलेले असते, आणि ते तिच्या मनातून जात नाही. पहिल्या भेटीत हे सगळे बंद करायला सांगा. नुसते साधे पाणी, वरून पेट्रोलियम जेली किंवा साधे खोबरेल, सुती कपडे, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट. निम्मे निदान या दोन आठवड्यांत होते.

दिवा लावून पाहिले की जे दिसते त्यातले काही तर चुकवूच नये. लायकेन स्क्लेरोसस ही पांढरी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी कातडी. लॅबिया मायनोरा झिजून सपाट होत जातात, रात्री खाजेने झोप उडते. आपल्याकडे याला कोड म्हणून मोकळे होतात. कोडात रंग जातो, पोत बदलत नाही आणि सहसा खाजत नाही, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे. शंका असेल तिथे बायोप्सी. उपचार स्वस्त आहे: क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, नुसते, मिश्रण नव्हे. आणि तो खाज थांबल्यावर सोडायचा नाही. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांचा पाठपुरावा केलेला अभ्यास २०१५ साली आला. नियमाने औषध लावणाऱ्यांत एकीलाही कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. अधूनमधून लावणाऱ्यांत ४.७ टक्के जणींना आढळली. ज्या रोगाचे असे टाळता येण्यासारखे परिणाम आहेत, त्याला आपण फ्लुकोनाझोल देत बसतो.

रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा आणि आग हाही रोजचाच प्रकार. एस्ट्रिऑल क्रीमची भीती आता सोडायला हवी. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून ठरवा. मधुमेही रुग्णेला डापाग्लिफ्लोझिन चालू आहे का, हे विचारा. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ते सर्रास लिहिले जाते, लघवीतून साखर जाते, आणि खाज सुरू झाली की त्या दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. वारंवार यीस्ट होत असेल तर कल्चर पाठवा. ग्लाब्राटा असेल तर फ्लुकोनाझोलचे आणखी चार डोस निष्फळ ठरतील.

आणि हे सगळे पाहून झाल्यावरही काही सापडत नाही, अशा बायका उरतात. संपादकीयाचा खरा विषय त्याच आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळ व्हल्वामध्ये वेदना, आग किंवा चुरचुर, आणि ठळक कारण नाही, याला व्हल्वोडायनिया म्हणतात. २०१५ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन ही व्याख्या पक्की केली. स्पर्शानेच होते की आपोआप, एका जागी की सर्वत्र, हे नोंदवायचे असते. बॉस्टनच्या २००३ सालच्या पाहणीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी असा दीर्घ त्रास झाल्याचे सांगितले. त्यांतल्या ४० टक्के जणी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या, आणि ज्या गेल्या त्यांतल्या ६० टक्के जणींनी तीन किंवा अधिक डॉक्टर पाहिले. आपल्या चिठ्ठ्यांची चळत तेच सांगते.

‘काही नाही, मनाचे आहे’ असे या बाईला सांगू नका. तिची नस खोटे बोलत नाही. संसर्ग निघून गेला तरी व्हेस्टिब्यूलमधल्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढलेली राहू शकते, पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू सतत आवळलेले राहतात, आणि नुसत्या स्पर्शाची वेदना होते. उपचारांबद्दल रुग्णेला खरे ते सांगावे. २०१० च्या चाचणीत डेसिप्रामिन आणि लिग्नोकेन प्लासिबोहून सरस ठरले नाहीत. २०१८ च्या चाचणीत गॅबापेंटिनही नाही. कॅनडात २१२ स्त्रियांवरच्या चाचणीत मात्र, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, दहा आठवड्यांच्या पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपीने लिग्नोकेनपेक्षा स्पष्ट अधिक आराम पडला. म्हणजे आपल्याला औषधाच्या आधी फिजिओथेरपिस्ट शोधायचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट असतात. या कामाचे प्रशिक्षण घेतलेले फारच थोडे. आपल्या शाखांनी शेवटची कार्यशाळा यावर कधी घेतली, हे पदाधिकाऱ्यांनी सांगावे. फिलर आणि लेझरच्या कार्यशाळांची पत्रके आमच्याकडे दर आठवड्याला येतात.

निदानाचा कंटाळा पिशवीपाशी जाऊन संपतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पांढरे पाणी आणि ओटीपोटातले दुखणे या तक्रारींतून अनेकजणी त्या टेबलावर पोचल्या होत्या. व्हल्वाच्या खाजेला आणि आगीला गर्भाशय काढणे हा उपचार नाही. त्यासोबत पस्तिशीत अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन जाते, कोरडेपणा येतो आणि आग वाढते. वर उल्लेखिलेल्या रुग्णेच्या हातात तो सल्ल्याचा कागद आहे. तिने ऑपरेशन केले नाही, कारण पैसे नव्हते.

तेव्हा या महिन्यात प्रत्येकाने काय करायचे? सरकारी दवाखान्यातल्या मित्रांनी रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत केओएच, पीएच पट्ट्या, एक चांगला दिवा आणि पडदा यांची मागणी लेखी ठेवावी. स्थानिक खरेदीच्या निधीतून हे होऊ शकते, त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहायला नको. अहवालात ‘तपासले, संसर्ग नाही’ असा रकाना हवा, असे निवेदन आम्ही आरोग्य संचालकांकडे पाठवत आहोत. त्यावर जास्तीत जास्त सह्या हव्यात. खासगी डॉक्टरांनी एवढेच ठरवावे: व्हल्वाच्या तक्रारीची दुसरी चिठ्ठी तपासणीशिवाय लिहायची नाही. पहिलीही नको, पण निदान दुसरी तरी नको.

पुढच्या अंकापासून या रुग्णांसाठी दोन पाने राखून ठेवत आहोत. नोंद पाठवताना रुग्णेची ओळख पटेल असे काहीही नको; वय, कालावधी, आधीची औषधे, पीएच, केओएच, काडीच्या चाचणीचा निकाल आणि सहा आठवड्यांनंतरची स्थिती एवढे हवे. रुग्णेच्या संमतीशिवाय छायाचित्र पाठवू नका. निदान न लागलेल्या नोंदी आधी पाठवा. त्या त्वचारोग, स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी अशा तिन्ही शाखांच्या तज्ज्ञांसमोर ठेवू आणि त्यांची मते नोंदीशेजारीच छापू.