शेजाऱ्यांवर खटला

क्वेसारची बातमी आली की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे "अब्जावधी सूर्यांइतका" हा शब्दप्रयोग. दुसरी म्हणजे गोष्ट: दोन दीर्घिकांची टक्कर झाली, वायू आत कोसळला, मधलं कृष्णविवर जेवायला बसलं आणि क्वेसार पेटला. सोबत चित्रही तेच, दोन चकत्या एकमेकींत घुसतायत... पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे, आणि बरीच आहे.

गोष्ट मुळात वाईट नाही. १९८८ साली सँडर्स आणि मंडळींनी ती नीट मांडली होती. अवरक्त प्रकाशात प्रचंड तेजस्वी अशा दहा दीर्घिका त्यांनी पाहिल्या, तर सगळ्याच टक्करग्रस्त निघाल्या. धूळ बाजूला झाली की आतला क्वेसार दिसेल, असा तर्क. पुढे हबल आलं. क्वेसारचं घर पाहणं म्हणजे घाटात समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा पाहण्यासारखं आहे. मधला झगमगाट गणिताने वजा करायचा आणि उरेल ते अंधुक काहीतरी निरखायचं. बाकॉल वगैरेंनी १९९७ मध्ये अशा वीस क्वेसारची घरं दाखवली. त्यात टकरा होत्या, पण शांत लंबगोल दीर्घिकाही होत्या आणि चांगल्या सर्पिलही. लोकांना लक्षात राहिल्या त्या टकरा. राहणारच, अपघात बघायला गर्दी होतेच!

आता मला सांगा, सर्व्हर पडला, लॉगमध्ये एक वॉर्निंग दिसली आणि टीममधला कोणी म्हणाला "सापडलं कारण!", तर तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल? जे सर्व्हर धडधाकट चालू आहेत त्यांच्या लॉगमध्ये ही वॉर्निंग आहे का, हाच ना? असेल तर बिचारी वॉर्निंग निर्दोष. हा प्रश्न इंटर्नलाही सुचतो. मग दीर्घिकांच्या बाबतीत आपण तो का विसरतो?

सगळे विसरले नव्हते. सिस्टर्नास आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सक्रिय केंद्र असलेल्या १४० दीर्घिका घेतल्या आणि त्यांच्यात बाराशेहून जास्त साध्या दीर्घिका मिसळल्या. साध्या दीर्घिकांच्या मध्यावर खोटा तेजस्वी ठिपका चिकटवून तोही वजा केला, म्हणजे दोन्ही गटांच्या चित्रांत सारखाच बिघाड. मग दहा तज्ज्ञांना, कोण कुठल्या गटातला हे न सांगता, विचारलं: सांगा, मोडतोड कुठे दिसते? उत्तर: दोन्हीकडे साधारण सारखीच. काय सुंदर प्रयोग आहे राव! पण याचं चित्र काढून कोणी भिंतीवर लावणार नाही.

"ते किरकोळ होते, खरे दांडगे क्वेसार बघा" हा पुढचा बचाव. तो रास्तच होता, कारण ट्राइस्टर आणि मंडळींनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की तेज वाढतं तसा टकरांचा वाटा वाढतो. मग मेक्टली यांच्या गटाने २०१६ मध्ये सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीचे, अतिभारी कृष्णविवरांचे १९ क्वेसार तपासले. मोडतोड ३९ टक्क्यांत. साध्या ८४ दीर्घिकांत ३० टक्के. चुकीची मर्यादा धरली तर हा फरक म्हणजे काहीच नाही.

याचा अर्थ टकरांनी क्वेसार पेटतच नाहीत असा नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांनाही मी तोच प्रश्न विचारीन. पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आपल्या जवळपासचे ४८ क्वेसार खूप खोल फोटो काढून पाहिले. अंधुक शेपट्या आणि कवचं उथळ फोटोत दिसतच नाहीत. तिथे ६५ टक्के विरुद्ध २२ टक्के असा फरक निघाला. हे मी मान्य करतो, आनंदाने करतो. कारण त्यात "विरुद्ध" आहे.

खरी गंमत दूरच्या क्वेसारांची. विश्व जेमतेम एक अब्ज वर्षांचं असतानाची ही कृष्णविवरं, काही तर अब्जावधी सूर्यांच्या वजनाची (घ्या, मीही म्हटलं). एवढं खायचं तर वस्ती दाट हवी, असं मॉडेल सांगतात. देकार्ली वगैरेंनी २०१७ मध्ये आल्मा दुर्बिणीने असे २५ क्वेसार पाहिले, त्यातल्या चौघांना धुळीत दडलेले जोमदार शेजारी सापडले. रिकाम्या आकाशात योगायोगाने सापडतील त्याहून हे कितीतरी जास्त आहेत, तेव्हा शेजार खरा. पण शेजार म्हणजे पेटवापेटवी नव्हे, आणि उरलेल्या एकवीस जणांचं काय? जेम्स वेबने २०२३ मध्ये एका क्वेसारभोवती तीस लाख प्रकाशवर्षं लांब, दहा दीर्घिकांची माळ दाखवली. ती बातमी सगळीकडे झळकली. २०२४ मध्ये आयलर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच काळातले पाच क्वेसार पाहिले, तेव्हा एकाभोवती जवळपास पन्नास दीर्घिका होत्या आणि दुसऱ्याभोवती दोन. दोन! त्या एकट्याने वजन कशावर वाढवलं, हा प्रश्न माळेपेक्षा मोठा आहे.

शेजारावरून निकाल देण्याची सवय या क्षेत्रात जुनी आहे. हाल्टन आर्प यांचा सगळा वाद त्याच जातीचा: जवळच्या दीर्घिकेशेजारी क्वेसार दिसतो, म्हणजे तो तिनेच फेकला असणार, ताम्रसृती काही का म्हणेना. आपले नारळीकर सर आर्प यांच्या बाजूने उभे होते आणि १९९० चा 'नेचर'मधला तो लेखही त्यांनी मिळून लिहिला होता. सरांबद्दल आदर पूर्ण आहे, पण स्लोनसारख्या मोठ्या सर्वेक्षणांच्या आकड्यांनी त्या जोड्यांना साथ दिली नाही. गंमत म्हणजे आर्पना "योगायोग किती, ते मोजा" म्हणून धारेवर धरणारं हे क्षेत्र टकरांच्या बाबतीत तोच हिशोब मागायला इतकी वर्षं थांबलं. आर्प विक्षिप्त ठरले. टकरा मात्र पाठ्यपुस्तकात गेल्या.