चालायला स्कूटरवरून

जळगावला मुलीकडे गेलो की एक गंमत हमखास दिसते. मेहरूण तलावावर पहाटे चालायला येणारी कितीतरी मंडळी स्कूटरवरून येतात! हसू नका, त्यांचं बरोबरच आहे. घरापासून तलावापर्यंत सावलीची सलग वाट आहे कुठे? बागेची फीत कापायला सगळे तयार. वाटेची कोण कापणार?

आमच्या धुळ्याचं अर्धं काम तर 1819 मध्येच झालंय. कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ सरळ गल्ल्यांची आखली, म्हणून आजही आपण पत्ता नंबराने सांगतो. त्यातल्या एका गल्लीत दोन्ही बाजूंनी कडुनिंब लावा, ती वाट पांझरेच्या काठाला जोडा, आणि पुलावर पायी व सायकलवाल्यांना कठडा घातलेली वेगळी पट्टी द्या. पलीकडे देवपूरच्या शाळा-कॉलेजं. माझा सातवीतला नातू देवपूरहून पेठेत क्लासला सायकलने जाईन म्हणतो. सूनबाई पुलाचं नाव काढताच नाही म्हणतात, आणि त्यांना समजावायला माझ्याकडे शब्द नाहीत.

नदीकाठी मात्र सिमेंट ओतू नका. 1872 च्या पुराने धुळ्याची काय दशा केली ते जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मुरुमाची वाट करा. बुडाली तर बुडाली, गाळ काढला की पुन्हा चालू.

झाडांना पहिली दोन-तीन वर्षं टँकर लागेल, कबूल. पण एकदा रुजला की कडुनिंब आपलं 44 अंशांचं ऊन सोसतो. दुकानदार पार्किंगवरून भांडतील, म्हणून आधी एकच गल्ली घ्या. माझं मत चार नंबरला. धुळेकरांनो, तुमचं?