कॅमेरा भिंतीवर, चावी कुणाच्या खिशात?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, वस्त्यांतून धरपकड झाली आणि वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण होते. मुख्यमंत्र्यांनी मात्र नागपूर अधिवेशनात सांगितले की, सीसीटीव्हीत मारहाण कुठेही दिसत नाही. ज्या सरकारच्या पोलिसांवर आरोप, त्याच सरकारच्या प्रमुखाने फुटेजची ग्वाही दिली! पुढे जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले.

या प्रकरणाचा जो निकाल लागायचा तो लागेल. आपल्याला विचारायचे आहे ते वेगळेच. पोलीस ठाण्यातला कॅमेरा ज्या वायरीला जोडलेला असतो, ती वायर जाते कुठे?

कॅमेरे बसवा, हे सांगून न्यायालये थकली. वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील एका तरुणाच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच राज्यातील ठाण्यांत कॅमेरे लावण्याचा आदेश दिला होता. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंह सैनी खटल्यात तर काहीच मोघम ठेवले नाही. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, शौचालयाबाहेरची जागा, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे कॅमेरा हवा. रात्री दिसले पाहिजे, आवाजही नोंदला गेला पाहिजे. जिथे वीज वा इंटरनेट नाही तिथे सौर किंवा पवन ऊर्जेची सोय करा. मुद्रण अठरा महिने ठेवा, आणि तशी यंत्रे बाजारात नसतील तरी एक वर्षाच्या खाली येऊ नका.

आता हिशेब मांडू, कारण फसवणूक हिशेबातच लपलेली असते. बऱ्यापैकी स्पष्ट चित्र देणारा एक कॅमेरा, आकार आवळूनसुद्धा, सेकंदाला साधारण दोन मेगाबिट माहिती पाठवतो. दिवसाला झाले एकवीस-बावीस जीबी. असे चौदा कॅमेरे धरले तर दिवसाला तीनशे जीबी. वर्षाचे होतात शंभर टीबीहून जास्त. आणि दुकानात मिळणाऱ्या साध्या रेकॉर्डरमध्ये चार टीबीची डिस्क असली, तर ती तेरा दिवसांत भरते. भरली की यंत्र मुकाट्याने पहिल्या दिवसाचे चित्र पुसून त्यावर नवे लिहू लागते. कुणी हात लावावा लागत नाही, कुणावर ठपका येत नाही. कुटुंबाने अर्ज करावा, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरावा, आणि तीन आठवड्यांनी उत्तर यावे की फुटेज उपलब्ध नाही. उत्तर खोटेही नसते! यंत्र घेतानाच ही व्यवस्था केलेली असते.

दुसरी गोष्ट जोडणीची. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याची जाड तार थेट रेकॉर्डरला जायची. आता नेटवर्कवरचे कॅमेरे आले. एकाच बारीक केबलमधून वीजही जाते, चित्रही जाते आणि सगळ्या केबली एका स्विचच्या डबीत येतात. काम सोपे झाले, खर्च वाचला. पण ही डबी आणि रेकॉर्डर दोन्ही ठाणेदाराच्या खोलीतल्या कपाटात असतील, तर एक प्लग काढला की सारे ठाणे आंधळे होते. मग पंचनाम्यात 'तांत्रिक बिघाड' एवढे दोन शब्द पुरतात. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती डोळ्याचे बटण!

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच हेरले. राजस्थानात सात-आठ महिन्यांत अकरा कोठडी मृत्यू झाल्याची बातमी वाचून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि विचारले की, माणसाचा हात न लागणारा नियंत्रण कक्ष का असू नये, जिथे कॅमेरा बंद पडला की आपोआप सूचना मिळेल? तंत्राच्या दृष्टीने यात अवघड काही नाही. चौदा कॅमेऱ्यांचे पूर्ण चित्र सतत बाहेर पाठवायला जोरदार लाइन लागते, हे खरे. पण प्रत्येक कॅमेरा दोन प्रवाह देऊ शकतो. मोठा प्रवाह ठाण्यातच साठवावा, लहान बाहेर पाठवावा. सोबत 'मी चालू आहे' एवढा निरोप दर मिनिटाला गेला तरी कोणता कॅमेरा किती वाजता मेला हे बाहेर कळते. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच सर्व्हरशी जुळवलेली असली म्हणजे वेळेचा घोळही घालता येत नाही.

मात्र बाहेर म्हणजे कुठेही नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रे टेलिग्रामवर विकली जात असल्याचे उघड झाले. २०१६ मध्ये कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेल्या हजारो कॅमेऱ्यांना मिराई नावाच्या प्रोग्रामने गुलाम केले होते. कोठडीतल्या स्त्रीचे चित्र असे बाजारात जाऊ नये म्हणून कॅमेऱ्यांचे जाळे उघड्या इंटरनेटपासून वेगळेच हवे आणि त्याची चावी गृहखात्याबाहेरच्या माणसाकडे हवी. सैनी निकालातील जिल्हा समितीत पोलीस अधीक्षक स्वतःच सदस्य आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो.

फुटेज हाती आले तरी ते न्यायालयात टिकले पाहिजे. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या निवडणूक वादात निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रणच पुरावा होते, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. आज ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, लिहावा लागतो. एक चौकट बदलली तरी ठसा बदलतो.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या तयारीआधी एक काम करावे. माणूस उचलला गेला त्याच दिवशी ठाणे, जिल्हाधिकारी आणि मानवी हक्क आयोग यांना लेखी अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ लिहावी, सर्व कॅमेऱ्यांचे आवाजासह मुद्रण राखून ठेवावे अशी मागणी करावी आणि पोचपावतीवर शिक्का घ्यावा. अर्ज चौदाव्या दिवशी गेला, तर डिस्क आधीच भरलेली असते.