लोकप्रियतेचा अपराध

कलावंत अप्रसिद्ध असेपर्यंत त्याचें कौतुक करावें, आणि तो चारचौघांच्या तोंडीं झाला कीं त्याच्याकडे पाठ फिरवावी, असा एक संप्रदाय सुशिक्षित रसिकांत फार दिवसांपासून चालत आला आहे. आपली अभिरुचि शुद्ध आहे याची खात्री पटण्यासाठीं या संप्रदायाला नेहमीं कोणी तरी पतित लागतो. पाश्चात्य संगीताची आवड असणाऱ्या मंडळींत हा मान बरींच वर्षें ज्याच्याकडे चालत आला आहे, तो म्हणजे इंग्रज ड्रमवादक व गायक फिल कॉलिन्स. 'जेनेसिस' या वाद्यवृंदांत ड्रम वाजवीत होता तोंवर तो कलावंत होता. पुढें तो पॉप संगीताचा बाजारी गायक बनला, आणि बुडतांना त्यानें जेनेसिसलाहि बरोबर नेलें, असें त्याच्यावरील आरोपपत्राचें सार आहे. हें आरोपपत्र आम्हांस मान्य नाहीं. तें कां मान्य नाहीं हें सांगणें आम्हांला अगत्याचें वाटतें, कारण त्यांत एका माणसाच्या कीर्तीहून अधिक कांहीं गुंतलेलें आहे. गुण कशास म्हणावें आणि तो कोणत्या खुणेनें ओळखावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

ज्यांस या विषयाचा परिचय नसेल अशा वाचकांसाठीं थोडा पूर्ववृत्तांत सांगितला पाहिजे. १९७० च्या सुमारास इंग्लंडांत रॉक संगीताची एक नवी शाखा फुटली; तिला प्रोग्रेसिव्ह रॉक असें म्हणतात. तीन मिनिटांच्या प्रेमगीतांस कंटाळलेल्या तरुणांनीं पाश्चात्य अभिजात संगीतांतील दीर्घ रचना, जॅझमधील वादनकौशल्य आणि परीकथा-पुराणांतले विषय रॉकमध्यें आणले. जेनेसिस ही या शाखेंतील अग्रगण्य मंडळी. तिच्या संस्थापकांपैकीं पीटर गेब्रिएल, टोनी बँक्स आणि माइक रदरफोर्ड हे चार्टरहाउस या श्रीमंतांच्या जुन्या निवासी शाळेंतील सोबती. १९५१ सालीं लंडनमध्यें जन्मलेला कॉलिन्स मात्र रंगभूमीच्या शाळेंतून आलेला, लहानपणीं 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकांत खिसेकापू पोराची भूमिका केलेला. १९७० सालीं वृत्तपत्रांतील जाहिरात पाहून तो ड्रमवादक म्हणून या मंडळींत शिरला. १९७५ सालीं गेब्रिएल बाहेर पडला. नव्या गायकाचा बराच शोध झाला, आणि शेवटीं मागें ड्रमवर बसलेलाच इसम पुढें येऊन गाऊं लागला. १९८१ सालीं 'फेस व्हॅल्यू' ही त्याची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली, आणि १९८५ च्या 'नो जॅकेट रिक्वायर्ड' या तबकडीस पुढच्या वर्षीं अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें. येथेंच त्याचा अपराध पूर्ण झाला.

आतां पहिला आरोप घेऊं. कॉलिन्सनें जेनेसिसला पॉपच्या वाटेला लाविलें, असें म्हणतात. सालवारी पाहिली तर हा आरोप टिकत नाहीं. जेनेसिसचें 'आय नो व्हॉट आय लाइक' हें छोटेखानी गाणें १९७४ सालीं इंग्लंडमधील विक्रीच्या यादींत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेलें. तेव्हां गायक गेब्रिएलच होता. १९७८ सालीं 'फॉलो यू फॉलो मी' हें साधें प्रेमगीत सातव्या क्रमांकावर पोहोंचलें. त्याचे शब्द रदरफोर्डचे. कॉलिन्सची स्वतंत्र तबकडी यानंतर तीन वर्षांनीं निघाली. हाच रदरफोर्ड पुढें 'माइक अँड द मेकॅनिक्स' ही मंडळी काढून निखळ पॉप रचूं लागला, आणि १९८९ सालीं 'द लिव्हिंग यिअर्स' या गाण्यानें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. एका घरांतील तिघे भाऊ एकाच वाटेनें चालले असतां धाकट्यानेंच थोरल्यांस बिघडविलें म्हणणें हा न्याय नव्हे.

गेब्रिएलची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. जेनेसिसच्या शुद्ध परंपरेचा तो खरा वारस, असें कॉलिन्सचे टीकाकार मानतात. १९८६ च्या जुलै महिन्यांत जेनेसिसचें 'इन्व्हिजिबल टच' हें गाणें अमेरिकेच्या यादींत अग्रस्थानीं होतें. त्याला तेथून कोणी खालीं ओढलें? गेब्रिएलच्याच 'स्लेजहॅमर'नें! तें गाणेंहि नाचायला लावणारें, ट्रंपेटादि वाद्यांच्या ललकाऱ्यांनीं सजलेलें, उघड पॉप गाणें आहे. आणि तें उत्तम आहे हें आम्हीहि मानतों. पण मग एकाच महिन्यांत एकाच यादींत पहिल्या आलेल्या दोघांपैकीं एकास विकासाचा मान आणि दुसऱ्यास विश्वासघाताचा डाग, हा भेद कशावरून? आम्हांस याचें उत्तर संगीतांत सांपडत नाहीं. तें दोघांच्या वेषांत आणि कुळांत सांपडतें. गेब्रिएल मुखवटे घालून रंगमंचावर येई, मुलाखतींत गंभीर बोले, आणि उंची शाळेचा विद्यार्थी होता. कॉलिन्स ठेंगणा, लवकर टक्कल पडलेला, विनोद करणारा, शेजारच्या घरांतल्या माणसासारखा दिसणारा. प्रतिभावान् माणूस असा दिसत नाहीं, अशी रसिकांची एक मूक समजूत असते; आणि तीच येथें टीकेचें सोंग घेऊन वावरत आहे.

दुसरा आरोप अधिक विचारार्ह आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्यें जी अवघड कारागिरी होती ती कॉलिन्सनें टाकून दिली, असा तो आरोप. १९७२ सालच्या 'सपर्स रेडी' या जवळजवळ तेवीस मिनिटांच्या रचनेंत नऊ मात्रांच्या आवर्तनावर त्यानें जें वादन केलें आहे, किंवा १९७३ च्या 'द सिनेमा शो'च्या उत्तरार्धांत सात मात्रांचा ठेका ज्या सहजतेनें खेळविला आहे, तें ऐकल्यावर पुढचीं गाणीं फिकीं वाटतात, असें पुष्कळ जण प्रामाणिकपणें म्हणतात. त्यांना आमचा प्रश्न एवढाच कीं, त्या जुन्या रचनांत तुम्हांला नक्की काय आवडलें? मात्रांची संख्या, कीं त्या संख्येनें साधलेला परिणाम?

संख्याच हवी असेल, तर १९८० चें 'टर्न इट ऑन अगेन' घ्यावें. इंग्लंडमध्यें आठव्या क्रमांकापर्यंत गेलेलें हें गाणें तेरा मात्रांचें आहे, सहा आणि सात अशा खंडांचें. हजारों लोक त्यावर टाळ्या धरूं पाहतात आणि दर आवर्तनाला चुकतात. तरी गाणें त्यांना अवघड वाटत नाहीं. लांबी हवी असेल, तर जें 'इन्व्हिजिबल टच' अधःपाताची खूण म्हणून दाखविलें जातें, त्याच नांवाच्या तबकडीवर 'डॉमिनो' ही दहा मिनिटांहून मोठी रचना आहे. पण परिणाम हवा असेल, तर 'इन द एअर टुनाइट' या गाण्याकडे वळलें पाहिजे. कारण कॉलिन्सनें काय टाकलें आणि काय राखलें याचा निकाल तेथें लागतो.

हें गाणें जानेवारी १९८१ मध्यें निघालें. पहिला विवाह मोडल्यावर घरांत एकट्यानें ध्वनिमुद्रित केलेल्या कच्च्या आराखड्यांतून तें उभें राहिलें. त्याच्या आरंभीं एका साध्या तालयंत्राची टिकटिक आणि मागें लांबलेले गंभीर स्वर, एवढेंच ऐकूं येतें. गायक दबलेल्या आवाजांत कोणाला तरी दोष देत आहे. एक मिनिट जातें, दोन जातात, तीन जातात. संतापाचें कारण कळत नाहीं आणि तो शमतहि नाहीं. साडेतीन मिनिटें उलटून गेल्यावर एकाएकीं ड्रमचे ते प्रसिद्ध आघात येतात, आणि मग शेवटपर्यंत ड्रम थांबत नाहीं. आपल्या काळांतला एक निष्णात ड्रमवादक आपलें वाद्य साडेतीन मिनिटें बाजूला ठेवून बसतो, याला संयम म्हणतात. आधीं बराच काळ ताण वाढवावा, आणि ऐकणारा अधीर झाला असतां एकदम मोकळा करावा, ही कला तो तेवीस मिनिटांच्या रचनांतूनच शिकला होता. मोठ्या वाड्याचा कारागीर लहान घर बांधूं लागला म्हणून त्याचा ओळंबा हरवत नाहीं. तबकडी-कंपनीच्या प्रमुखाच्या आग्रहावरून सुट्या विक्रीच्या आवृत्तींत आरंभींहि थोडे ड्रम घालण्यांत आले, हें खरें. परंतु 'फेस व्हॅल्यू'वर मूळ रचना अभंग राहिली, आणि लोकांच्या कानांत तीच ठसली आहे.

त्या आघातांच्या नादाचा इतिहासहि टीकाकारांनीं ध्यानांत घ्यावा. आघात होऊन त्याचा घुमारा भरघोस वाढत असतां तो मध्येंच कापून टाकला कीं एक विलक्षण, भिंत कोसळल्यासारखा ध्वनि निर्माण होतो. पुढें साऱ्या दशकभर पॉप संगीतांत त्याचा इतका सुळसुळाट झाला कीं तो बाजारूपणाची खूण ठरला. पण तो जन्मला कोठें? गेब्रिएलच्या १९८० सालच्या तबकडीवरील 'इन्ट्रूडर' या अत्यंत प्रयोगशील गाण्यांत. झांजा अजिबात वाजवावयाच्या नाहींत ही अट गेब्रिएलची, ध्वनियंत्रणा ह्यू पॅजम याची, आणि हात कॉलिन्सचे. प्रयोगशाळेंत जन्मलेली वस्तु रस्त्यावर चालूं लागली याचें दुःख कशास मानावें?

आमचा नायक निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. 'नो जॅकेट रिक्वायर्ड'चा बराच भाग यंत्राच्या ठोक्यावर चालतो, आणि त्या ठोक्यांत त्याच्या हातांतला जिवंतपणा नाहीं. 'सुसुडिओ' या गाण्यावर प्रिन्सच्या 'नाइन्टीन नाइन्टी-नाइन'ची छाया स्पष्ट आहे. १९८९ च्या 'अनदर डे इन पॅरडाइज'मधील निराश्रितांविषयींची कळकळ खरी असेल. पण तिची मांडणी इतकी गुळगुळीत आहे कीं श्रोत्याला दोन अश्रु ढाळून मोकळें होतां येतें. हे दोष आम्ही मान्य करितों. पण ते पॉप असण्याचे दोष नव्हत. अमुक गाण्यांत मेहनत कमी पडली, अमुक गाण्यांत भावना सवंग झाली, असे ते सुटे दोष आहेत, आणि ते प्रोग्रेसिव्ह रॉकमध्येंहि पोत्यांनीं भरलेले आहेत. केवळ लांबवण्यासाठीं लांबविलेल्या रचना, अर्थ नसल्यामुळें गूढ भासणारे शब्द, आणि बोटांच्या चपळाईचें प्रदर्शन, यांना त्या शाखेंत तोटा नाहीं. वाईट पॉप हें पॉपच्या स्वभावाचें फळ, आणि वाईट प्रोग्रेसिव्ह हा मात्र अपघात, ही कोणती तर्कपद्धति?

तिसरा आरोप द्रव्यलोभाचा. हा कोणावरहि करतां येतो आणि कधींच सिद्ध करतां येत नाहीं, म्हणून तो लोकप्रिय आहे. आम्ही फक्त आचरणाकडे बोट दाखवितों. जेनेसिसमध्यें असतांनाच कॉलिन्स 'ब्रँड एक्स' या जॅझ-मिश्र मंडळींत वाजवीत होता. तिची पहिली तबकडी १९७६ ची, आणि तींत गल्ला जमविण्यासारखें कांहीं नव्हतें. १९७५ सालीं ब्रायन ईनोच्या 'अनदर ग्रीन वर्ल्ड'वर तो वाजवितो. कीर्ति शिखरावर असतां, १९९३ सालीं, 'बोथ साइड्स' ही अंतर्मुख, उदास तबकडी तो जवळजवळ सर्व वाद्यें स्वतः वाजवून करितो. १९९६ सालीं तो जेनेसिस सोडतो, आणि त्याच वर्षीं एक मोठा जॅझवृंद उभारून पुन्हा ड्रममागें जाऊन बसतो.  पैशाच्या मागें धांवणारा माणूस इतक्या आडवाटांनीं धांवत नाहीं.

आमच्या वाचकांस या वादाची जात अपरिचित नाहीं. अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंजोटींतील ठुमरी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीवर आहे. तिच्यांत विलंबित ख्यालाचा विस्तार नाहीं म्हणून कोणी तिला हिणवीत नाहीं. उलट त्या तीन मिनिटांतील प्रत्येक स्वरामागें आयुष्याची तालीम उभी आहे, हें आपण जाणतों. हीच समज परक्या संगीताच्या बाबतींत कां सुटावी? आम्हांस वाटतें, तेथें आपण कानांपेक्षां बिरुदांवर अधिक विसंबतों. घरांतल्या नोकराला आणि कचेरींतल्या शिपायालाहि जें गाणें आवडतें, तें आवडलें असें सांगण्यांत कांहीं जणांस आपल्या शिक्षणाचा अवमान वाटतो. अवघड गोष्ट समजणें हा शिक्षणाचा लाभ आहे. पण सोपी गोष्ट कमी लेखणें हा शिक्षणाचा लाभ नव्हे, अहंकार आहे. आणि या अहंकाराची किंमत कॉलिन्सला द्यावी लागत नाहीं. ती चांगल्या गाण्यांस मुकून आपणच देतों.

२००७ सालच्या दौऱ्यांत झालेल्या मानेच्या दुखापतीनंतर कॉलिन्सचा ड्रम सुटत गेला. २६ मार्च १९२२ नव्हे, २०२२ रोजीं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वींच्या जुन्या पिढीच्या नव्हे तर आपल्याच डोळ्यांदेखत, लंडन येथें जेनेसिसचा अखेरचा जलसा झाला. त्यांत तो खुर्चींत बसून गायिला, आणि त्याच्या जागीं ड्रमवर त्याचा मुलगा होता. त्या जलशांत जुन्या दीर्घ रचनांचे तुकडे आणि नवीं लोकप्रिय गाणीं एकामागून एक झालीं, आणि श्रोत्यांनीं दोहोंसहि सारखीच दाद दिली. वाजविणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना जी भिंत दिसली नाहीं, ती आमच्या विद्वान् मित्रांना मात्र रोज दिसते. त्यांना आमची विनंति एवढीच कीं, तबकडीवरील साल आणि विक्रीचा आंकडा झांकून गाणें ऐकावें. मग वाईट वाटलें तर खुशाल वाईट म्हणावें. त्या निकालाविरुद्ध आम्ही अपील करणार नाहीं.