पहिली खबर कोण देणार?

जागतिक महामारी निधीने भारताच्या पशुआरोग्य व्यवस्थेसाठी अडीच कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने त्या प्रकल्पाचा दिल्लीत प्रारंभ केला. अंमलबजावणीत आशियाई विकास बँक, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांचा सहभाग आहे. प्रयोगशाळा सुधाराव्यात, रोगांवर नजर राहावी, आणीबाणीसाठी माणसे तयार असावीत, या उद्दिष्टांशी भांडण असण्याचे कारण नाही. परंतु असा पैसा जगात जेथे जेथे जातो तेथे त्याच्या मागोमाग एक नवा व्यवसायही जातो. आराखडे लिहून देणारे, तालमी घेणारे, उणिवांचे मूल्यमापन करणारे सल्लागार हा तो व्यवसाय होय. त्याची परीक्षा वेळीच केली पाहिजे.

‘जैविक धोका घटविणे’ हा या व्यवसायाचा आवडता शब्दप्रयोग मुळात पशुवैद्यकातला नाही. तो संरक्षण खात्यातून आला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची गुरे मारण्यासाठी ब्रिटनने काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू घातलेल्या पेंडीच्या ५० लाख वड्या तयार ठेवल्या होत्या. त्या जंतूंच्या चाचण्यांनी दूषित झालेले स्कॉटलंडचे ग्रुइनार्ड बेट १९९० पर्यंत निर्धोक ठरले नव्हते. सोव्हिएत युनियनने १९७२ च्या जैविक अस्त्रबंदी करारावर सही करूनही गुपचूप तीच अस्त्रे बनविली आणि त्यांत गुराढोरांचे रोगही होते. या पापावर समाजवाद्यांनी पांघरूण घालण्याचे काहीच कारण नाही. ते राज्य कोसळल्यावर अमेरिकेने १९९१ च्या नन-लुगार कायद्याखाली पैसा पुरविला आणि पुढे तेथील जंतूंचे साठे व प्रयोगशाळा सुरक्षित करण्याचे काम झाले. ते आवश्यकच होते. मात्र त्यातून रूढ झालेल्या कंत्राटी पद्धतीत धोका म्हणजे कोणीतरी चोरील अशी कुपी आणि उपाय म्हणजे प्रयोगशाळेचे कुलूप, अशी दृष्टी तयार झाली. गोठ्यात आजारी पडलेले वासरू या दृष्टीला फार उशिरा दिसते.

कागदी तयारीचे काय होते याचा धडा श्रीमंत ब्रिटननेच दिला आहे. लाळ्या-खुरकुताशी सामना करण्याचा त्यांचा आराखडा फार तर १० ठिकाणी लागण होईल असे धरून केलेला होता. २० फेब्रुवारी २००१ रोजी रोगाची खात्री झाली तेव्हा किमान ५७ शेतांवर तो आधीच पोहोचला होता. अखेरीस २,०२६ ठिकाणी रोग निघाला आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. आराखडा नियमांना धरूनच होता. सरकारी पशुवैद्यांची संख्या मात्र आधीच्या वर्षांत घटत गेली होती.

आपल्याकडे नवापूर घ्या. नंदुरबार जिल्ह्यातील या आदिवासी तालुक्यात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. मरतुक त्याआधीच सुरू झाली होती आणि ती राणीखेतची असावी असा समज होता. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर लाखो पक्षी मारण्यात आले. त्यांत बड्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या होत्या तशाच झोपडीच्या अंगणातल्याही होत्या. मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्याची मिळत नाही. चार कोंबड्या हाच जिचा मीठमिरचीचा आधार, त्या बाईने पहिली कोंबडी मेल्यावर सरकारला बोलवावे की उरलेल्या बाजारात नेऊन विकाव्यात? २००९ च्या केंद्रीय कायद्याने खबर देणे तिच्यावर बंधनकारक केले आहे. खबर कोणाला द्यायची तो माणूस गावात असतो की नाही, हे मात्र कायदा पाहत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोग पुन्हा नवापुरात आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

याउलट बुळकांडीचा इतिहास आहे. या रोगाने शतकानुशतके गोठे ओस पाडले. भारताने १९५४ मध्ये त्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली, १९९५ मध्ये शेवटची साथ नोंदली गेली, २००६ मध्ये देश आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. शेवटच्या टप्प्यात युरोपीय मदत होती आणि तज्ज्ञांचा सल्लाही होता, हे मान्य केले पाहिजे. पण गावोगाव लस टोचली ती सरकारी नोकरीतल्या पशुवैद्यांनी आणि पर्यवेक्षकांनी, वर्षानुवर्षे. पूर्व आफ्रिकेत उष्णता सोसणारी लस शास्त्रज्ञांनी दिली, ती दुर्गम कळपांपर्यंत नेली प्रशिक्षण घेतलेल्या पशुपालकांनी. सल्ला कोणाच्या हाती पडतो यावर त्याचे मोल ठरते.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रात हेच दिसले. लस मोफत टोचली गेली. दगावलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये भरपाई जाहीर झाली. या निर्णयाचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. परंतु श्रेणी दोनच्या कित्येक दवाखान्यांत माणूसच नसल्याने खाजगी पशुवैद्य आणि शिकाऊ विद्यार्थ्यांना कामाला लावावे लागले. गुरांचे बाजार बंद झाले आणि बैल विकून देणे भागविणारा शेतकरी अडकून पडला. त्या नुकसानीची भरपाई कोणत्याच आदेशात नव्हती.

कंत्राटावरची तयारी कंत्राटाबरोबर संपते, हेही आता दिसले आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत यंत्रणा मोडीत काढली तेव्हा तिच्या पैशावर अनेक देशांत चाललेली रोगांच्या टेहळणीची कामे थांबली.

म्हणून जिल्हा परिषदांत आणि ग्रामसभांत आपल्या कार्यकर्त्यांनी नेमके प्रश्न विचारावेत. अडीच कोटी डॉलरपैकी सल्ला, प्रवास आणि परिषदा यांवर किती खर्च होणार? तालुक्यातील पशुधन पर्यवेक्षकाच्या जागा किती महिने रिकाम्या आहेत? घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी आली का? पक्षी मारल्यापासून किती दिवसांत पैसे हातात पडतात? साथीच्या काळात बाजार बंद ठेवला तर अडलेल्या शेतकऱ्याला कर्जफेडीची मुदत वाढवून मिळेल का? उत्तरे लेखी मागावीत, आणि ती गावच्या चावडीवर लावावीत.